न जळणारे हात

मोनाली गाडीतून उतरली तोच मंदावहिनीने आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले, नव्या नवरीने मेंदी दाखवावी तसे.

"बघ की मोने! हे हात माझे हायत म्हणून सांगितलं तर तुझा दादासुद्धा खोटं म्हणतोय."

हात खरोखरच बघण्यासारखे झाले होते. पेरांवरच्या भेगा बुजल्या होत्या, नखांच्या कडा भरून आल्या होत्या, तळव्यावरची सोललेली कातडी जाऊन तिथे मऊ, गव्हाळ कातडी आली होती. मोनालीने ते हात हातात घेतले आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवले. तिला आनंद झाला होता, यात काही खोटं नाही. पण गेले काही महिने तिचा आनंद एकटा येईनासा झाला होता. त्याच्या मागोमाग काहीतरी टोचायला लागायचं, आणि ते काय आहे हे तिला पक्कं ठाऊक असल्यामुळे ती लगबगीने दुसरा विषय काढायची. आताही तिने विचारलं, "मटण शिजलं का?"

बोरगव्हाण हे करमाळ्याच्या अंगाचं गाव. उसाला पाणी पुरेना तेव्हा गावाने पपई धरली, आणि तीही पिकवून खायला नव्हे, चिकासाठी. कातडी कमावणारे, कापड धुणारे, औषधं बनवणारे असे सगळेच कारखाने त्या वर्षांत जहाल रसायनं सोडून एन्झाइमांकडे वळले होते. पपईच्या चिकातला पपेन हा त्यांतला मोठा कामसू गडी, त्यामुळे बोरगव्हाणला एकदम भाव आला. पहाटे बायकांची टोळी मळ्यात शिरायची. हिरव्या फळाला पोलादी पात्याने उभ्या रेघा मारायच्या, खोडाभोवती उलट्या छत्रीसारखी बांधलेली ताडपत्री असायची, तिच्यात पांढरा चीक ठिबकायचा. तो खरवडून डब्यात भरायचा आणि वाळवणीच्या शेडमध्ये नेऊन त्याची पूड करायची. रेघा मारलेली फळं टूटीफ्रूटीच्या कारखान्यात जायची. लग्नातल्या आइस्क्रीमवरचे लाल-हिरवे तुकडे आमच्या गावचे, हे बोरगव्हाणकर कुठेही, कुणी न विचारता सांगत.

चीक प्रथिनं कापतो. ती मटणातली आहेत की माणसाच्या हातातली, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. टोळीतल्या बाईचे हात म्हणून लांबून ओळखू यायचे: लाल, सुजलेले, आग आग होणारे. मोजे घातले तर घामाबरोबर चीक आत उतरून दुप्पट जाळायचा. मोनालीची आई ती लहान असतानाच गेली आणि तिला वाढवलं वहिनीने. शाळेत जाताना वहिनी तिच्या वेण्या घालायची तेव्हा बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. एखादी चिंधी केसांत अडकून ओढली गेली की वहिनी "आई गं" म्हणायची, अगदी हळू, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. पोरीला ऐकू जायचं.

त्या "आई गं"च्या पाठी लागूनच मोनाली मस्के पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचली होती.

तिने तिथे ज्या गोष्टीवर काम केलं ती तशी मजेदार होती. आपल्या पेशींच्या अंगावर ग्राही असतात, बाहेरचा निरोप आत पोचवणारे. बहुतेक ग्राही म्हणजे कुलपं. बाहेरून किल्ली येते, कुलपात बसते, निरोप पोचतो. पण ग्राहींचं एक घराणं असं आहे की ते किल्ली स्वतःच्याच शेपटीत दडवून बसतं. प्रथिनं कापणारा एन्झाइम येतो, त्या शेपटीचं टोक छाटतो, आत दडलेली किल्ली उघडी पडते, वळते आणि आपल्याच कुलपात जाऊन बसते. मग पेशीत एकच हाकाटी होते. रक्तवाहिन्या सैल सोडा, पांढऱ्या पेशींना बोलवा, मज्जातंतूंना सांगा की आग लागली आहे. बाहेरून आपल्याला दिसते ती लाली आणि सूज. छाटलेला ग्राही पुन्हा कामाचा राहत नाही, पेशी त्याला गिळून टाकते आणि नवा घडवते. शरीराने ही व्यवस्था मुळात घरच्याच एन्झाइमांसाठी केली आहे. रक्त गोठवणारे, जखमेवर धावून येणारे एन्झाइम हीच शेपटी छाटून एकमेकांना सावध करतात. पपईचा चीक परका खरा, पण कात्री कुणाच्या हातातली आहे हे शेपटीला कुठे कळतं?

मोनालीने एक लहानसा रेणू बनवला. तो जाऊन कुलपाच्या भोकात बसतो. चीक येतो, शेपटी छाटतो, किल्ली वळते, आणि बघते तर जागा भरलेली! हाकाटी होत नाही. त्या रेणूचं मलम झालं, कंपनीने त्याचं नाव ठेवलं 'शांतल', आणि माणसांवर चाचणी घ्यायची वेळ आली तेव्हा मोनालीने हट्टाने आपल्याच गावची टोळी निवडली.

चाचणीची काळजीही चोख घेतली होती. रोज संध्याकाळी प्रत्येक बाईने फोनपुढे हात धरायचे. फोन हातांची लाली मोजायचा, ऊब मोजायचा, सूज मोजायचा. त्यांतलं काही ठरलेल्या रेषेपुढे गेलं की त्या बाईचं मलम तिथल्या तिथे बंद. इतक्या महिन्यांत एकाही बाईचं मलम बंद करावं लागलं नव्हतं. कंपनीचे प्रमुख डॉ. देवस्थळी एरवी कुणाचं कौतुक करण्याच्या भानगडीत पडत नसत, पण त्यांनीही सगळ्यांसमोर मोनालीची पाठ थोपटली होती.

तर त्या रविवारी वहिनीने मटण केलं होतं. त्याला कच्च्या पपईचा कीस लावून ठेवला होता, तोही उघड्या हातांनी. दादा, वहिनी आणि मोनाली अशी तिघंच जेवायला होती. जेवणं आटोपली आणि दादाने फडताळातली बाटली काढून बहिणीपुढे सरकवली.

बोरगव्हाणात मटणाच्या जेवणावर विडा देत नाहीत, पाचक गोळी देतात. चीक घेणारा कारखानाच गोळ्या बनवतो आणि दर सणाला घरटी एक बाटली पाठवतो. आपल्याच चिकाची गोळी म्हणून गावाला तिचं भारी अप्रूप. आणि ती वाटायचा मान माहेरवाशिणीचा. मोनालीने बाटली उघडली, घरातल्या मोठ्या बाईला आधी म्हणून पहिली गोळी वहिनीच्या तळहातावर ठेवली. वहिनीने ती कडाकडा चावून खाल्ली. लग्नसराई कधीच संपलेली आणि घरी मटणही शिजलं नव्हतं, त्यामुळे शांतल लावायला लागल्यापासून तिने गोळी खाल्ली ती ही पहिलीच.

मोनाली दुसरी गोळी काढत होती तेवढ्यात वहिनी घसा खाकरायला लागली.

"काय झालं गं?" दादाने विचारलं.

"कायतरी... अडकल्यागत झालंय."

पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर पाणी आत जाईना. ओठ बघता बघता सुजले. गळ्यावर, दंडांवर गांधी उठल्या आणि एकमेकींत मिसळत खाली उतरायला लागल्या. वहिनीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि ती भिंतीला टेकून घसरली. मोनाली क्षणभर नुसती बघत राहिली, कारण तिला भलतंच काहीतरी दिसलं होतं. गांधी मनगटापर्यंत येऊन थांबल्या होत्या. पुढचे हात, शांतल लावलेले, तसेच मऊ आणि गव्हाळ होते, जणू ते या बाईचे नव्हतेच.

मग ती धावली. घरात ठेवलेल्या चाचणीच्या पेटीत ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचं पेन असायचंच, नियम होता. तिने लुगड्यावरूनच ते वहिनीच्या मांडीत खुपसलं, दादाला गाडी काढायला ओरडून सांगितलं आणि तालुक्याच्या दवाखान्याच्या वाटेवर दुसरं पेनही टोचलं. फाटा येईतो वहिनीच्या श्वासातली शिट्टी थोडी कमी झाली.

"तू व्हतीस म्हणून वाचली गं!" दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा तिचे दोन्ही हात धरून हमसाहमशी रडला. "न्हाईतर आज माझं घर बुडालं असतं."

मोनालीला ते हात सोडवून घेता येईनात. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अरे दादा, मी होते म्हणूनच झालं हे. पण ती म्हणाली, "रडू नकोस, बरी आहे ती आता."

गोळी पपेनची. ही गोष्ट तिच्याइतकी नीट कुणाला माहीत होती? सवयीने हात बाटलीत गेला आणि इतकं शिकलेलं डोकं त्या वेळी माहेरवाशिणीचा मान मिरवत होतं.

पण गोळी हे शेवटचं पाऊल होतं. त्याआधीची वाट तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसून स्वच्छ दिसत होती. शांतलने हाकाटी थांबवली होती, कात्री थांबवली नव्हती. चीक रोज त्या मऊ हातांची कातडी कुरतडतच होता, फक्त कुणाला कळत नव्हतं. पूर्वी आग झाली की बाई टाकोटाक हात धुवायची, दोन दिवस मळ्यात यायची नाही. आता आगच नाही म्हटल्यावर कोण कशाला हात धुतंय? चिकाचे कण पातळ झालेल्या कातडीतून आत जात राहिले. आत शरीराचे दुसरे पहारेकरी होते, त्यांना कामाला लागायला या ग्राहींच्या हाकाटीची गरज नव्हती. त्यांनी मुकाट्याने पपेनविरुद्धची प्रतिपिंडं घडवून साठवून ठेवली. मग एके दिवशी तोच पपेन गोळीतून पोटात गेला आणि सगळा साठा एकदम फुटला.

आणि फोन काय शोधत होता? लाली. लाली दिसली तर मलम बंद करायचं, आणि मलमाचं कामच मुळी लाली दिसू न देणं. शेंबड्या पोराच्या ध्यानात यावी अशी ही चूक. आमच्या ध्यानात आली नाही, असं म्हणायची सोय असती तर मोनालीने त्यातल्या त्यात समाधान मानलं असतं. ती सोय नव्हती. तिने उंदीर पाहिले होते.

प्रयोगशाळेत शांतल लावलेल्या उंदरांच्या कानांवर चीक चोळला तेव्हा कान सुजले नाहीत आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे त्यांतल्या काहींच्या रक्तात तिला प्रतिपिंडं वाढलेली सापडली. त्यांना चिकाची पूड हुंगायला दिल्यावर काय झालं तेही तिने एकटीने पाहिलं होतं. बैठकीत तिने विषय काढला तेव्हा देवस्थळी म्हणाले होते, "उंदरांना किती पट चीक चोळला होतास?" बराच जास्त चोळला होता, हे खरं. ती गप्प बसली. देवस्थळींच्या नावाने बोटं मोडता आली असती, पण त्यांनी नुसता प्रश्न विचारला होता. गप्प बसली ती मोनाली. कारण वहिनीचे हात बरे व्हावेत याची तिला घाई झाली होती, आणि ते आपल्याच हातून व्हावेत याची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी तिने देवस्थळींना फोन केला.

"वाईट झालं," ते मनापासून म्हणाले. "पण मोनाली, एका बाईला एका गोळीची ॲलर्जी. ती शांतलशिवायही होऊ शकते. बाकीच्यांची तपासणी कर, मलम हवं तर थांबव. फक्त गावात घबराट होईल असं काही बोलू नकोस. आधी आपल्याला नक्की कळू दे."

तपासणी वाळवणीच्या शेडबाहेर, पडवीत झाली. हातांवर काही दिसणार नाही हे माहीत असल्यामुळे तिने बायकांच्या पाठीवर, जिथे मलम कधी लागलं नव्हतं तिथे, पपेनचा अगदी सौम्य थेंब ठेवून सुईने टोचलं. सुईला घाबरून एकमेकींची थट्टा करत बायका ओळीने बसल्या. थोड्या वेळात पाठींवर गांधी उठल्या. एकीच्या, मग तिच्या शेजारणीच्या, मग पलीकडच्या. टोळीतल्या मोजक्या दोघी-तिघी सोडल्या तर सगळ्यांच्या पाठी फुगल्या होत्या. वहिनीच्या आत दडलं होतं ते या सगळ्यांच्या आत दडून बसलं होतं, आणि प्रत्येकीच्या फडताळात ती बाटली होती.

"मलम बंद करायचं सध्या," मोनाली म्हणाली. "चिकाच्या कामावर येऊ नका, शेडमध्ये तर पाऊलही टाकू नका. आणि त्या पाचक गोळ्या कुणी खायच्या नाहीत."

"का हो मॅडम?" सोनमने विचारलं. ती टोळीतली सगळ्यांत धाकटी, पदरात तान्हं पोर. "आता कुठं लेकराला तेल लावून चोळाया लागलीय मी. आधी माझा हात लागला की रडायचं ते."

"काळजी म्हणून."

"आन् गोळ्यांनी काय घोडं मारलंय? आमची म्हातारी रोज खातीय."

बायका हसल्या. मोनालीच्या तोंडाशी उंदीर आले होते. ती म्हणाली, "काळजी म्हणूनच गं," आणि सुया आवरायला लागली. आपण पुन्हा तेच केलं, हे तिला सुया आवरतानाच कळलं.

संध्याकाळी वहिनी घरी आली. डोळे अजून सुजलेले, आवाज बसलेला. दादा मात्र हवेत होता. गावच्या लेकीने वहिनीचा जीव वाचवला म्हणून सरपंच उद्या मारुतीच्या पारावर तिचा सत्कार करणार होते. शाल आली होती, नारळ आला होता, कुणी बोलायचं यावरून दोघांत जुंपलीही होती. तो फेट्याचं बघायला बाहेर पडला आणि घरात दोघीच उरल्या.

"वहिनी, मला सत्कार नको."

"घे की. दादाची हौस हाय."

"मला ठाऊक होतं गं." एवढं बोलल्यावर मोनालीला वाटलं होतं की रडू येईल, पण आलं नाही. तिने सगळं सांगितलं. कात्री, हाकाटी, कान न सुजलेले उंदीर, त्यांच्या रक्तात सापडलेलं, बैठकीतला प्रश्न आणि आपलं गप्प बसणं. वहिनीने ओरडावं, एक मुस्काटात ठेवून द्यावी, असं मोनालीला फार वाटत होतं.

वहिनीने विचारलं, "आधी सांगितलं असतंस तर मी मलम लावलं नसतं, असं वाटतंय तुला?"

"नसतं लावलंस."

"लावलं असतं. चार दिस का हुईना, बिनआगीचे हात मिळत्यात म्हटल्यावर कुणीबी लावलं असतं. तुझी सोनमबी लावंल." वहिनी थांबली, तिला धाप लागली होती. "पर मग ते मी लावलं असतं, मोने. आता ते तू लावलंयस."

मोनाली खाली मान घालून बसली. आपण जन्मभर ज्या बाईचं दुखणं पुसायला निघालो होतो, तिला आपण विचारलंच नव्हतं.

"त्या उंदरांचं काय झालं?" वहिनीने विचारलं.

"गेले."

"समदे?"

"ज्यांना पुन्हा चीक दिला ते सगळे."

वहिनी उठली. भिंतीचा आधार घेत तिने पायांत चपला सरकवल्या, डोक्यावर पदर घेतला.

"कुठे निघालीस? पडून राहायला सांगितलंय तुला."

"सोनमच्या घरी आज पावणे हायत, मटण शिजतंय. तुझं 'काळजी म्हणून' ऐकून कोण गोळी टाकून देतंय? उद्याच्या सत्कारापतुर थांबायचं व्हय?"

"मी जाते. मी बाटल्या गोळा करून आणते, तू झोप."

"तू बाटल्या मागशील आन् कारण गिळशील," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मोनालीला जास्त लागलं. "मी येती. बोलायचं तू. मी निस्ती शेजारी हुबी ऱ्हाती."

दोघी गल्लीतून निघाल्या. वहिनी दर चार पावलांवर थांबत होती. मोनालीने आधाराला हात पुढे केला तेव्हा तिने तो घेतलाही नाही आणि झिडकारलाही नाही, ती आपली आपण चालत राहिली. सोनमच्या अंगणात फोडणीचा वास भरला होता, आत पंगत बसायच्या गडबडीत भांडी वाजत होती. दार उघडंच होतं. सोनम पोराला काखेत घेऊन बाहेर आली आणि दोघींना बघून तिचा चेहरा उजळला.

"अगं बया, काकी! बऱ्या झाल्या व्हय? या की मॅडम, या. जेवूनच जायाचं आता."

तिने पाटाकडे हात केला. वहिनी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिने मोनालीकडे बघितलं.

मोनाली म्हणाली, "सोनम, गोळ्यांची बाटली आण आधी. आणि सगळ्यांना बाहेर बोलाव. मला एक सांगायचंय, ते मी तुमच्या हातांना मलम लावायच्या आधी सांगायला हवं होतं."